रफार काही आपोआप येत नाही

लेक तिसरीत, इंग्रजी माध्यमात. 2020च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्याच शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. बाराखडी पटकन झाली, काना-मात्रेचे शब्दही ती धडाधड वाचू लागली.

अडलं ते रफारावर. 'सूर्य'चं 'सूयर', 'दर्शन'चं 'दशर्न'. पालकसभेत विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मोठी झाली की येईल. घरी सराव घ्या." कसला सराव? त्यांनी वहीतलं जोडाक्षरांचं पान दाखवलं. त्या एकाच पानावर क्त, ट्र, र्म, ऱ्य, द्ध, ज्ञ सगळे दाटीवाटीने बसवलेले आणि उलटलं की थेट धडे. पुढच्या सभेतही तेच उत्तर, तेच पान. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021पासून सांगतंय की तिसरी संपेपर्यंत मुलांना समजून वाचता यायला हवं. मग आमची 'मोठी' कधी व्हायची? माझा राग अजून उतरलेला नाही.

शेवटी घरीच बसून बघितलं, नेमकं कुठे अडखळतेय. र हा बहुरूपी आहे. 'चक्र'मध्ये तिरकी रेघ, 'राष्ट्र'मध्ये खाली टोपी, 'दऱ्या'मध्ये आणखी वेगळा. त्यातला रफार सगळ्यात फसवा, कारण तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा मात्र त्या अक्षराच्या आधी. डोळ्याला य आधी दिसतो, म्हणून पोर य आधी वाचते. यात तिचं काय चुकलं?

मग पुस्तक मिटलं. आधी फक्त कानाने: मी 'सूर्… य' असं तोडून म्हणायचे, र् कुठे ऐकू आला ते तिने सांगायचं. नंतर तिने लिहायचं: आधी पाय मोडका र सुटा, मग तोच उचलून पुढच्याच्या डोक्यावर. गर्दी, खर्च, पर्वत, मिरची… नाही, मिरचीत रफार नाही, हे तिनेच मला सुनावलं! तेव्हा कळलं, जमलं. वाचन त्यामागून आलं. एका वेळी र चं एकच रूप घ्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी ठेवायची घाई करू नका.

हो, आणि एक राहिलंच. चुकली की लगेच टोकू नका, वाक्य संपू द्या. बऱ्याचदा 'सूयर उगवला' म्हटल्यावर ती स्वतःच थबकते, कारण असा शब्द तिने कधी ऐकलेला नसतो. म्हणूनच "घरीही इंग्रजीच बोला" हा सल्ला मी कानाआड केला. वाचता येऊ लागलं तरी मोठ्याने वाचून दाखवणं थांबवू नका. तिला एकटीला झेपणार नाही असंच पुस्तक त्यासाठी घ्या.

सध्या आम्ही 'कुऱ्हाड' आणि 'तऱ्हा'पाशी आहोत. वहीतल्या त्या पानावर ऱ्ह नाहीच.