तुम्ही विचारलंत म्हणून: कथबर्ट नाव आता कुणी ठेवतं का?

डरहॅमला राहायला आल्यापासून भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मला हे विचारतोच. इंग्लंडच्या ईशान्येचं हे छोटंसं शहर, इथे चर्च कथबर्टच्या नावाचं, युनिव्हर्सिटीतलं एक कॉलेज पण त्याचंच, मग दोन दिवसांत मावशी वैतागून म्हणते, "अगं पण हाक मारली तर ओ देणारा एकतरी कथबर्ट आहे का इथे?"

लहान पोरांत तरी मला अजून भेटलेला नाही.

नाव जुन्या इंग्रजीतलं, दोन शब्द जोडून केलेलं. 'कूथ' म्हणजे ओळखीचा, नावाजलेला, आणि पुढचा बर्ट म्हणजे तेजस्वी, रॉबर्ट-अल्बर्टच्या शेवटी असतो त्याच कुळातला. म्हणजे अर्थाने बघाल तर एकदम राजबिंडं नाव. ते गाजलं इथल्याच ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या साधूमुळे, जो 687 साली वारला. हा रात्री समुद्रात उभा राहून प्रार्थना करायचा आणि बाहेर आला की पाणमांजरं त्याचे पाय पुसायची अशी कथा आहे. पुढे व्हायकिंगांच्या भीतीने 875 मध्ये तिथल्या साधूंनी त्याची शवपेटीच उचलली आणि बेट सोडलं, आणि बऱ्याच भटकंतीनंतर 995 मध्ये ती डरहॅमला आली. आठव्या हेन्रीच्या काळात इथली भपकेबाज समाधी मोडली, त्यामुळे आता कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीच्या मागे जमिनीत एक साधी फरशी आहे आणि तिच्यावर लॅटिन वळणाने फक्त 'कथबर्टस'. मावशी म्हणाली, "एवढंच?" मला तर तेच आवडतं.

1066 नंतर फ्रान्सकडून नॉर्मन राज्यकर्ते आले आणि विल्यम, रॉबर्ट, रिचर्डच्या लाटेत जुनी इंग्रजी नावं भराभर गेली, पण उत्तरेत कथबर्ट टिकला तो या साधूच्या जोरावर. ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत 1805 मध्ये ब्रिटिश आरमारप्रमुख नेल्सन धारातीर्थी पडल्यावर ज्याने आरमार सांभाळलं तो अ‍ॅडमिरल कॉलिंगवूड उत्तरेतल्याच न्यूकॅसलचा, आणि त्याचंही नाव कथबर्ट. तेव्हा कुणी हसत नव्हतं हो.

हसायला लागले ते पहिल्या महायुद्धात. 1916 ला सक्तीची सैन्यभरती आली, आणि जे धडधाकट तरुण सरकारी ऑफिसातली खुर्ची धरून बसले त्यांना लोक 'कथबर्ट' म्हणायला लागले, लंडनच्या एका पेपरातल्या व्यंगचित्रकाराने तर त्यांना घाबरट ससेच करून टाकलं. आपल्याकडे नाही का, पांडुरंग म्हणजे साक्षात विठोबा, पण पांडू म्हटलं की लोकांना हवालदारच दिसतो, तसंच झालं हे. माझं मत विचाराल तर हे नाव म्हातारं होऊन गेलं नाही, टिंगलीने गेलं. आता इथल्या पोरांना कथबर्ट माहीत आहे तो सुपरमार्केटमधला सुरवंटाच्या आकाराचा चॉकलेट केक! मार्क्स अँड स्पेन्सर या दुसऱ्या दुकानाच्या 'कॉलिन' नावाच्या तशाच केकवरून 2021 मध्ये चक्क कोर्टबाजी झाली, नंतर मिटलं म्हणा.

"पण जुनी नावं परत येतात ना, आर्थर आलाच की," असंही कुणीतरी म्हणतंच. आर्थर आला, अल्फीही आला, पण ही नावं हाक मारायला सुटसुटीत आहेत. कथबर्टला बर्ट म्हणावं तर ते आणखीनच आजोबा वाटतं. इथलं खास लाडाचं रूप आहे कडी, स्थानिक बोलीत जवळजवळ कुडी. फार्न बेटांवरच्या आयडर बदकांना अजून कुडीची बदकं म्हणतात, कारण साधूमहाराजांनी त्यांना अभय दिलं होतं म्हणे. इथवर ऐकून मावशी खूश, म्हणाली किती गोड आहे, हेच ठेवावं की पोरांनी. मग सांगावं लागलं, की मावशी, इकडच्या बोलीत कुडी म्हणजे गाढवसुद्धा.