सासरचं आडनाव: वाकडं नाक की वाकडा डोंगर?

लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, त्यामुळे एडिंबरात इतकी वर्षं काढूनही कॅमेरॉन म्हणजे काय हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पडला लेकाला, शाळेत आडनावाचा अर्थ विचारून यायला सांगितलं होतं म्हणून. सासऱ्यांनी लगेच सांगून टाकलं, गॅलिकमध्ये 'कॅम' म्हणजे वाकडं, 'स्रोन' म्हणजे नाक, जोडून बोलताना 'स' गळतो आणि होतं कॅमेरॉन, आपण लोखाबरच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातल्या, क्लॅनचे (क्लॅन म्हणजे कूळ). फोनवर आईला सांगितलं तर म्हणे, "अगं, म्हणजे आपल्याकडचे वाकडेच की!"

पण वाचत गेले तर कळलं की हायलँडच्या कॅमेरॉनचं नाक खरं असलं तरी खालच्या सखल भागात, लोलँडमध्ये, कॅमेरॉन नावाच्या जागाच आहेत, एक तर फाइफमध्ये सेंट अँड्र्यूजच्या जवळ, आणि तिथला अर्थ वाकडा डोंगर असा धरतात. १२९६ च्या रॅगमन रोलमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेतलेल्या स्कॉटिश लोकांच्या यादीत, 'डी कॅम्ब्रन' असं आडनाव सापडतं, त्यातलं 'डी' म्हणजे आपलं 'कर' समजा. म्हणजे नुसतं आडनाव बघून काही कळत नाही, कागद काढायला लागतात.

स्कॉटलंड्सपीपल या स्कॉटलंडच्या सरकारी जुन्या नोंदींच्या साइटवर अकाउंट काढलं. सर्च फुकट, मूळ पान बघायला क्रेडिट विकत घ्यायचे. १८५५ पासून नोंदणी कायद्याने सक्तीची झाली, तिथपर्यंत सरळ मागे जाता येतं, आणि इथे लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव तिच्या मृत्यूच्या नोंदीतही लिहितात, त्याने फार काम सोपं होतं. त्याच्या आधी चर्चची रजिस्टरं. तिथे माझी वाट लागली, कारण पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी पद्धत (ओळखीचं वाटतंय ना!), म्हणजे एकाच भागात चार-पाच जॉन कॅमेरॉन, सगळे चुलत. मी १८४१ च्या जनगणनेतलं वय धरून एकाच्या मागे तीन आठवडे लागले आणि मग समजलं की त्या जनगणनेत पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायला सांगितली होती, ३९ चा माणूस ३५ चा. माणूसच चुकीचा! सगळे क्रेडिट पाण्यात.

शेवटी नशिबाने हात दिला. नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या वडिलांचा मृत्यू नेमका १८५५ चा निघाला. पहिल्या वर्षी फॉर्म इतका लांबलचक होता की मयताचं जन्मगाव, आईवडील, बायको, सगळी मुलं वयासकट, गेलेली पोरंसुद्धा, सगळं लिहायचं. बहुतेक रजिस्ट्रार लोक वैतागले असणार, कारण पुढच्याच वर्षी जन्मगाव आणि मुलांची नावं काढून टाकली. स्क्रीनवर झूम करून ती तिरपी शाईतली अक्षरं वाचली, जन्म: फाइफ. मुलांच्या यादीत सात नावं, त्यातल्या तिघांपुढे 'मृत'. तिथे मी जरा वेळ थांबलेच.

आता यावरून शंभर टक्के काही ठरत नाही, कोणी तरी हायलँडमधून फाइफला उतरलेला असू शकतो. पण माझं मत डोंगराकडे झुकलंय. प्रिंट काढून सासऱ्यांना दिली. घरातल्या प्रत्येक लग्नात क्लॅनच्या टार्टनचा (कुळाच्या ठरलेल्या चौकटींच्या कापडाचा) किल्ट घालणारा माणूस, चष्मा लावून दोनदा वाचलं, काही बोलले नाहीत, मग स्वतःच्या नाकावरून बोट फिरवून म्हणाले, "पण हे तर वाकडंच आहे." सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "ते रग्बीत मोडलेलं!"

लेकाचं होमवर्क केव्हाच देऊन झालं होतं, नाकाचं चित्र काढून.