तुम्ही विचारलेत म्हणून: आधीचे एकवीस पाहायलाच हवेत का?

‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हा मार्व्हलच्या महानायकांच्या मालिकेतला चित्रपट माझ्या किती जिव्हाळ्याचा आहे, हे ओळखीच्या मंडळींना ठाऊक आहे. त्यामुळे मुलांच्या आग्रहाखातर तो पाहायला बसणारे आईवडील मला हटकून एकच प्रश्न विचारतात: आधीचे एकवीस चित्रपट पाहिलेले नसतील, तर हा बाविसावा कळेल का? मी दरवेळी ‘कळेल की’ म्हणून मोकळा होतो आणि मागाहून मनाला चुटपुट लागून राहते. म्हणून आज नीट उत्तर देतो. त्यात शेवट सांगावा लागेल. २०१९ मध्ये अँथनी आणि जो रुसो या दिग्दर्शक बंधूंनी शेवट फोडू नका अशी प्रेक्षकांना जाहीर विनंती केली होती आणि ती मी कसोशीने पाळली होती; आता इतकी वर्षे लोटल्यावर बोलायला हरकत नसावी.

गोष्ट कळेल, यात शंका नाही. थॅनॉस नावाच्या एका बलाढ्य खलनायकाने चुटकीसरशी विश्वातील निम्मे जीव नाहीसे केले आहेत आणि उरलेले नायक पाच वर्षांनंतर भूतकाळात शिरून, ज्या सहा मण्यांच्या बळावर हे घडले ते मणी गोळा करून, गेलेल्यांना परत आणू पाहतात. तीन तास एका मिनिटाचा हा चित्रपट एवढे तर कोणालाही समजावून देतो. मात्र काही ठिकाणी सगळे प्रेक्षागृह एकदम उसळते आणि नवखा माणूस शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. माझ्या ताईचे असे झालेले मी शेजारी बसून पाहिले आहे, म्हणून सांगतो.

या मालिकेची आणि आमच्या घराची गाठ उन्हाळ्याच्या सुट्टीने घातली. २००८ च्या मे महिन्यात ‘आयर्न मॅन’ आला, तेव्हा माझा भाचा नऊ वर्षांचा होता आणि सुट्टीसाठी ठाण्याला आमच्याकडे आलेला होता. पुढेही यांचे मोठे चित्रपट नेमके एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीस येत गेले. २०१२ चा पहिला ‘अ‍ॅव्हेंजर्स’, २०१५ चा दुसरा, २०१६ चा ‘सिव्हिल वॉर’, २०१८ चा ‘इन्फिनिटी वॉर’, सगळे आपल्याकडच्या परीक्षा संपता संपता लागले. अमेरिकी स्टुडिओंनी आपापल्या हंगामाचे गणित पाहिले असेल. आम्हाला मात्र ते मामाकडच्या सुट्टीचे वेळापत्रक होऊन बसले. मराठीत हे चित्रपट येत नाहीत, त्यामुळे भाच्याने सुरुवातीचे हिंदीत पाहिले आणि इंग्रजी कानावर बसल्यावर पुढचे मूळ भाषेत. कोणता चित्रपट कोणत्या इयत्तेत पाहिला, हे तो आजही न अडखळता सांगतो.

‘एंडगेम’ भारतात २६ एप्रिल २०१९ रोजी लागला. २९ तारखेला ठाण्यात लोकसभेचे मतदान होते आणि आयुष्यातले पहिले लोकसभा मतदान करण्यासाठी भाचा नागपूरच्या वसतिगृहातून घरी आला होता. आदल्या दिवशी, रविवारी, सकाळी सहाच्या खेळाची तिकिटे मिळाली. मुलगा इतक्या दिवसांनी घरी आला आहे तर त्याच्यासोबत बसावे म्हणून ताईही आली. मालिकेतला एकही चित्रपट तिने पाहिलेला नव्हता. ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली.

शेवटच्या लढाईत थॅनॉस नायकांपैकी एकाला, थॉरला, जवळजवळ संपवत आणतो. थॉरचा हातोडा जमिनीवरून आपोआप उचलला जातो, थॅनॉसवर आदळतो आणि परत फिरून स्टीव्ह रॉजर्सच्या, म्हणजे कॅप्टन अमेरिकेच्या, हाती येतो. त्या क्षणी माझ्या मागच्या रांगेतला एक मुलगा खुर्चीवर उभा राहिला. शिट्ट्या आणि आरोळ्यांत पुढची दोन-तीन वाक्ये बुडून गेली. ताईने कानाशी येऊन विचारले, ‘काय झालं?’ काय सांगणार होतो? चार वर्षांपूर्वीच्या चित्रपटात एक मेजवानी आहे. जो पात्र असेल त्यालाच हा हातोडा उचलता येतो, असे थॉर म्हणतो आणि सगळे मित्र गंमत म्हणून आळीपाळीने जोर लावून पाहतात. कोणाकडूनच तो हलत नाही. स्टीव्हच्या वेळी मात्र केसभर सरकतो आणि थॉरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर मावळते. बस, एवढेच. ते केसभर सरकणे ज्यांनी चार वर्षे मनात जपले होते, त्यांची ती आरोळी होती. नवख्या माणसाला दिसते ते एवढेच, की एका वीराने दुसऱ्याचे शस्त्र उचलले.

माझ्या मते या चित्रपटाची सगळी बांधणीच अशी आहे. भूतकाळात जायचे म्हणजे प्रत्यक्षात जुन्या चित्रपटांतच जायचे. २०१२ च्या न्यूयॉर्कच्या लढाईत, थॉरच्या देशात म्हणजे २०१३ च्या अ‍ॅसगार्डमध्ये, जे प्रसंग आपण एकदा पाहिलेले आहेत त्यांच्या पाठीमागच्या बाजूला. पटकथाकार क्रिस्टोफर मार्कस आणि स्टीव्हन मॅकफीली यांनी नायकांना प्रेक्षकांच्याच आठवणीत पाठवले, आणि ज्याच्याकडे ती आठवण नाही त्याच्यासाठी मधला तास नुसती धावपळ ठरतो.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो ताईमुळे माझ्या लक्षात आला. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, १९७० सालात जातो आणि एका लष्करी तळावर त्याची गाठ स्वतःच्या वडिलांशी पडते. हॉवर्ड स्टार्क तेव्हा बाप होण्याच्या बेतात आहे, हातात बायकोसाठी घेतलेली फुले आहेत आणि आपल्याला हे जमेल का, या धास्तीने तो एका अनोळखी माणसाजवळ मन मोकळे करतो. तो अनोळखी माणूस त्याचाच मुलगा आहे आणि आता एका मुलीचा बापही. निघताना टोनी त्याला मिठी मारतो. ताईचे डोळे भरून आले होते. तिला काहीही समजावून सांगावे लागले नाही. भाचा मात्र आणखी काही पाहत होता: ‘सिव्हिल वॉर’मध्ये याच आईवडिलांचा खून टोनीने पडद्यावर पाहिला होता, आणि त्यापायी स्टीव्हशी त्याची मैत्री तुटली होती. एकच मिठी दोघांनी वेगवेगळ्या खोलीवर पाहिली आणि ती दोघांनाही लागली.

तेव्हा ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी निदान ‘आयर्न मॅन’, पहिला ‘अ‍ॅव्हेंजर्स’, ‘विंटर सोल्जर’, ‘सिव्हिल वॉर’ आणि ‘इन्फिनिटी वॉर’ एवढे पाहून घ्यावेत. हातोड्यासाठी ‘एज ऑफ अल्ट्रॉन’ही. सलग पंधरवड्यात सगळे उरकू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘इन्फिनिटी वॉर’च्या शेवटी निम्मे नायक धूळ होऊन गेले, तेव्हा आम्ही वर्षभर त्या धुळीत राहिलो होतो. तुम्ही वर्षभर थांबू नका, पण दुसऱ्याच दिवशी पुढचा लावू नका.

मला यातले सगळेच पटलेले नाही. नताशा रोमानॉफ, म्हणजे ब्लॅक विडो, त्या सहा मण्यांपैकी एकासाठी जीव देते, आणि शेवटच्या लढाईत मरण पावलेल्या टोनीच्या अंत्यविधीला सगळी मालिका रांगेत उभी राहत असताना तिच्या वाट्याला तळ्याकाठचे दोन-चार अश्रू येतात, ही मला आजही सलणारी गोष्ट आहे. नऊ वर्षे सोबत असलेल्या पात्राला निरोप द्यायला वेळ काढायला हवा होता.

त्या अंत्यविधीनंतर टोनीची लहानगी मुलगी ओसरीवर बसलेली असते. टोनीचा जुना सहकारी हॅपी होगन तिला विचारतो की भूक लागली आहे का, काय खाणार, आणि ती म्हणते, चीजबर्गर. त्याचा चेहरा हलतो. तुझ्या बाबांनाही आवडायचे, तुला हवे तेवढे आणतो, असे तो म्हणतो. बाहेर पडल्यावर ताईने विचारले की बर्गर मागितला यात तो माणूस इतका का गलबलला. भाच्याने तिला रिक्षात सगळे सांगितले: २००८ च्या चित्रपटात तीन महिन्यांच्या गुहेतल्या कैदेतून सुटून आल्यावर टोनीने आधी चीजबर्गर मागितला होता, आणि हॅपीचे काम करणारे जॉन फॅव्ह्रो हेच त्या पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक होते. तो पहिला चित्रपट सुटल्यावर भाच्याने माझ्याकडेही बर्गर मागितला होता आणि मी त्याला स्टेशनबाहेर वडापाव घेऊन दिला होता. हे त्याने आईला सांगितले नाही. माझ्याकडे पाहून फक्त हसला.

त्याआधीचे थोडे राहिले. श्रेयनामावलीत मूळ सहा कलाकारांच्या सह्या उमटून गेल्या आणि लोक उठले. या मालिकेत नामावलीनंतर एखादा प्रसंग दाखवण्याची रीत होती. या वेळी तसे काही नाही, हे शुक्रवारीच सगळ्यांना कळले होते. ताई पर्स घेऊन उभी राहिली. भाचा तिला म्हणाला, ‘आई, थांब जरा.’ झाडू घेऊन दोन कामगार आत आले होते. पडदा काळा झाला आणि लोखंडावर घण पडल्याचा आवाज आला, एकामागून एक. ताईने विचारले, ‘हे काय?’

‘गुहेत आहे तो,’ भाचा म्हणाला, ‘पहिलं चिलखत घडवतोय.’