आज्ज्याची कबुली

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा आमच्या कोइमतूरच्या दुकानात भट्टी पेटलेली होती. "सोन्याच्या धंद्यातला माणूस तू, सुवर्णमहोत्सवाच्या अंकात तू नाही लिहायचं तर कुणी?" असं म्हणून समोरच्यानं फोन ठेवूनही दिला. शाळेचे संस्कार, शिस्त, गुरुजनांचे ऋण यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मला फक्त एक कबुली द्यायची आहे. गोष्ट जानेवारी १९८८ची, म्हणजे सदतीस वर्षं पोटात ठेवलेली.

जून १९८६मध्ये मी आठवी 'ब'त दाखल झालो. सातवीपर्यंतचं शिक्षण कोइमतूरला, इंग्रजी शाळेत. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून चोख करायच्या, धंद्यात पडली आणि देशभर पांगली, हे इथं कुणाला सांगायला नको. आमचे वडील त्यांतलेच. मुलाचं मराठी सुटायला नको म्हणून त्यांनी मला विट्याला आजीकडे आणून सोडलं.

वर्गात गलाईवाल्यांची पोरं काही कमी नव्हती. उलट वर्गावर राज्य त्यांचंच होतं. कुणाचे वडील कानपूरला, कुणाचे कटकला, कुणाचे विजयवाड्याला. दिवाळीला वडील आले की काट्याऐवजी आकडे दाखवणारं घड्याळ, कॉड्रॉयची पँट, चामड्याचा बॉल. सायकल स्टँडजवळचा कट्टा त्यांचा. त्यांचा म्होरक्या, त्याला मी इथं बॅटवाला म्हणतो, वर्गातली एकमेव खरी बॅट बाळगून होता. बॅट त्याची म्हणून पहिली बॅटिंग त्याची, आणि आऊट कधी व्हायचं हेही तोच ठरवायचा. २५ जानेवारी १९८७ला टीव्हीवर 'रामायण' सुरू झालं. त्याच्या घरी टीव्ही होता. रविवारी साडेनऊला त्यांच्या सोप्यात सतरंजीवर पुढं कोण बसलं आणि उंबऱ्यापाशी कोण, एवढं पाहिलं की सोमवारी मधल्या सुट्टीत कोण कुणाशी बोलणार ते कळायचं.

धंदा एकच, भट्टी एकच, मग मी त्यांच्यात का नव्हतो? त्यांचे वडील बाहेर होते आणि पोरं गावची होती. माझ्या बाबतीत मीच बाहेरचा. दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत लागते, तेव्हा "तू कुठल्या पालखीकडनं?" असं मला विचारलं गेलं. मी म्हणालो, "दोन असतात?" गलाईत सोन्याचा टंच, म्हणजे कस, काढतात, तसा माझा टंच तिथंच निघाला. मी एसटीवाल्यांतही नव्हतो. ती पोरं खेड्यांतून एसटीनं यायची आणि लिंबाखाली भाकरी सोडून गोल करून जेवायची. आजीचं घर हाकेच्या अंतरावर, त्यामुळं माझ्याकडं डबाच नव्हता. डबा नाही म्हणजे गोलात जागा नाही. सुट्टीत घरी जाऊन जेवून यायचो आणि घंटा होईपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी उगाच तोंड धूत उभा राहायचो. आठवीत असताना माझ्याइतकं स्वच्छ तोंड शाळेत कुणाचं नसेल.

त्यात माझी भाषा. इंग्रजी वाचायला सर मलाच उठवायचे आणि मी ते घडाघडा वाचायचो. पाचवीपासून एबीसीडी सुरू केलेल्या वर्गाला ते आवडायचं काही कारण नव्हतं. मराठीचं मात्र निराळंच. ते मी शिकलो आईकडून आणि सुट्टीला आल्यावर आजीकडून. आईचं मराठीही लग्न होऊन निघाली त्या वर्षाचं, तिकडं जसंच्या तसं मुरलेलं. मैदानात बॉल गुडघ्यावर बसला आणि मी ओरडलो, "अगं बया!" पीटीचे सर शिट्टी तोंडात ठेवूनच हसले. उशीर का झाला म्हटल्यावर मी सांगायचो, "वाईच डोळा लागला." हे शब्द पोरांच्या घरातही होते, पण ते लुगडं नेसलेल्या बाईच्या तोंडी. "ह्याच्या पोटात म्हातारी बसलीय," असं कुणीतरी म्हणालं, पण तेही मला नाही, माझ्यावरून पलीकडच्या बाकाला.

आणि मग गॅदरिंग. नव्या विद्यार्थ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, त्या काळात गॅदरिंगचा खरा जीव फिशपॉन्डमध्ये होता. जिलेटिनचा लाल कागद लावलेला बिस्किटांचा डबा चार दिवस व्हरांड्यात ठेवलेला असायचा. त्यात नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायच्या, दोन ओळींचं यमक आणि ते कुणासाठी ते वर. चित्रकलेचे सर त्या निवडायचे, वाह्यात असतील त्या फाडायचे आणि बाकीच्या माईकवरून वाचायचे. फिशपॉन्ड म्हणजे भर मांडवात अब्रूचं धिरडं. पण आपली अब्रू कुणी काढावी एवढी आपली दखल आहे, हेही तिथंच कळायचं. आठवीच्या गॅदरिंगला बॅटवाल्याला नऊ पडले. मी मोजले. त्यानं मान खाली घालून, चेहरा लाल करून, प्रत्येक वेळी उठून पुढं जाऊन चिठ्ठी घेतली. मला शून्य.

शिव्या खाल्लेला माणूस निदान घरी जाऊन चिडू शकतो. शून्य पडलेल्यानं काय करायचं?

नववीत मी करून टाकलं. आजी झोपल्यावर कंदिलाच्या उजेडात (लाईट नेहमीप्रमाणं गेली होती) डाव्या हातानं, वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलं:

'इंग्लिश याचं फाडफाड, मराठी याची आजीची,
इडलीवरती पडली फोडणी मेथीच्या भाजीची!'

वर माझं नाव, तुकडी. चिठ्ठी टाकताना हात एवढा कापत होता की डब्याचं झाकणच निघालं.

सरांनी ती वाचली, आणि चक्क पहिल्या पाचांत. क्षणभर शांतता, मग मांडव उडाला. मुलींच्या बाजूनंही टाळ्या आल्या. मी उठलो, मान खाली घातली, चेहरा लाल करायचा प्रयत्न केला. त्याची गरज नव्हती, तो झालाच होता.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. सायकल स्टँडवर चौकशी बसली की हा फिशपॉन्ड टाकला कुणी. एकानं सांगितलं, मी. दुसरा म्हणाला, पहिली ओळ त्याची, दुसरी माझी. शेवटी बॅटवाल्यानं हात वर करून निकाल दिला, "मीच टाकला. माझ्याशिवाय हे कुणाला सुचणार?" सगळ्यांना पटलं. मलाही म्हणावं लागलं, "वाटलंच मला." आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "चल आज्जी, बॉलिंग टाकणार का?"

तेव्हापासून मी आज्जी. मोठं झाल्यावर त्याचं आज्ज्या झालं, ते अजून चालू आहे.

आमच्या धंद्यात सोनं चोख करायचं तर आधी त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवावं लागतं, नाहीतर तेजाब आतपर्यंत पोचतच नाही. वडील हे शिकवत होते तेव्हा मला सायकल स्टँड आठवत होता. मिसळलो खरा, पण वर्गणी द्यावी लागली. कट्ट्यावर माझं काम ठरलेलं: आज्जीची नक्कल. कंबरेवर हात, "आवंदा पाऊस न्हाई बाबा," की पोरं लोळायची. दहावीच्या गॅदरिंगला तर मी स्टेजवर लुगडं नेसूनच आलो. लुगडं आजीचंच होतं, नाटकाला पाहिजे एवढंच सांगून आणलेलं. एकदा पोरं घरी आली. दारातून हाक आली, "ए आज्जी!" आम्ही दोघांनीही वळून बघितलं. पोरं गेल्यावर तिनं विचारलं, "तुला का रं आज्जी म्हन्त्यात?" मी म्हणालो, असंच. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर पोरं आली की ती मागच्या दारी जाऊन बसायची, एवढं मला आठवतं.

चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी रेणावीच्या देवळाच्या पायरीवर भेटले. मी पाया पडलो. सर म्हणाले, "इडलीवरती फोडणी घालणारा ना तू?" मी नेहमीचं उत्तर दिलं की तो फिशपॉन्ड बॅटवाल्याचा. सरांनी चप्पल काढली, बसले आणि वाळूत बोटानं 'ल' काढला. एक आपला, दोन गाठींचा. शेजारी दुसरा, उभ्या दांडीचा.

मी देवनागरी शिकलो ती मद्रासच्या हिंदी प्रचार सभेच्या पुस्तकांतून. 'प्राथमिक' आणि 'मध्यमा' या परीक्षा कोइमतूरला असतानाच दिल्या होत्या. आख्ख्या शाळेत दांडीचा 'ल' काढणारा मी एकटा. इडली, पडली, इंग्लिश. डावा हात काय कामाचा!

"तुझी एकट्याची नव्हती," सर म्हणाले. "दरवर्षी असायच्या, स्वतःला टाकलेल्या. त्या वर्षी सहा." मी नावं विचारली. नावं त्यांनी सांगितली नाहीत, पण सहांतली दोन अक्षरं सायकल स्टँडवरची होती, एवढं बोलून गेले. अशा चिठ्ठ्या ते आधी वाचून टाकायचे, मांडव ताजा असतो तेव्हा. आणि ज्यांच्या नावावर काहीच यायचं नाही अशा पाच-सात जणांसाठी आदल्या रात्री बसून स्वतः यमकं जुळवायचे. "सगळ्यांना पुरायची नाहीत रे. आठवीत तुझं राहूनच गेलं."

सरांची यमकं ज्यांच्यापर्यंत पोचली नाहीत त्यांत एसटीवाली एक मुलगी होती, शेवटच्या बाकावर खिडकीशी बसायची. मागच्या वर्षी आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गाचा फोटो आला. त्रेपन्न जणांची नावं लागली, तिचं कुणालाच आठवेना. मलाही नाही.

महोत्सवाच्या संध्याकाळी पुन्हा फिशपॉन्ड होणार आहेत म्हणे. बॅटवाल्याचा परवा फोन होता, "आज्ज्या, तुझ्यावरचा मीच लिहिणार. पहिला माझाच होता, विसरू नकोस." नाही विसरत म्हटलं. हा अंक त्याच्या हाती पडेपर्यंत त्याला तसंच वाटू दे.

समितीला एक विनंती. डबा कुठं ठेवणार ते कळवा. मी आदल्या दिवशी पोचतोय आणि मला दोन-चार चिठ्ठ्या टाकायच्या आहेत. 'ल' आता मी आपल्या वळणाचा काढतो.