किंडर स्काउटवरचं स्फॅग्नम: या मोसमाची प्रगती

मंडळी, दगडफुलं तूर्तास बाजूला ठेवली आहेत. लाल टोकांच्या क्लॅडोनियाचे फोटो मनासारखे मिळाले, म्हणून आता स्फॅग्नम मॉसच्या, म्हणजे दलदलीत वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीच्या, मागे लागलोय. ठिकाण नेहमीचंच, मँचेस्टरजवळचं किंडर स्काउट. उंची ६३६ मीटर, वर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, काळा थर. चालायला येणाऱ्यांना हीदरची खुरटी झुडपं आणि चिखल दिसतो. मी दहापटीचं भिंग डोळ्याला लावून पालथा पडलेला असतो आणि येणारे-जाणारे "काही हरवलंय का?" म्हणून चौकशी करतात.

इथलं बरंचसं स्फॅग्नम गिरण्यांच्या धुरानं मारलं. या मॉसला मुळं नसतात, पाणी आणि क्षार ते अंगावरच शोषतं, त्यामुळे पावसातून आलेलं गंधक थेट बाधलं. 'मूर्स फॉर द फ्यूचर' या संवर्धन प्रकल्पाचे लोक २००३ पासून या उजाड पीटवर काम करताहेत, स्फॅग्नमची लागवडही करतात. त्यामुळे समोरचा पुंजका मूळचा की लावलेला, हे मला अजून सांगता येत नाही.

तीन जाती आता नुसत्या नजरेनं ओळखू येतात. कॅपिलिफोलियमच्या लालसर, दाट गाद्या. पॅपिलोसम पिवळट-तपकिरी, फांद्या जाडजूड. आणि डबक्यातलं कस्पिडेटम, बाहेर काढलं की थेट भिजलेलं मांजराचं पिल्लू! फॅलॅक्स या चौथ्या जातीपाशी मात्र अजून घोडं अडतं.

खरी मजा मायक्रोस्कोपखाली. राखीव क्षेत्रातलं काही उचलत नाही. ओळखीच्या शेतकऱ्यानं त्याच्या रानातली चिमूटभर नेऊ दिली. फांदीवरचं एकच पान चिमट्यानं सोडवलं आणि वर मिथिलीन ब्लूचा थेंब सोडला (माशांच्या टाकीसाठी विकतात तेच, पातळ करून). मोठमोठ्या, मेलेल्या, रिकाम्या पेशी दिसायला लागल्या. भिंती आत बसू नयेत म्हणून आतून कड्यांसारखे धागे, आणि पाणी आत यायला भिंतींना चक्क भोकं. दोन मेलेल्या पेशींच्या बेचक्यात एक चिंचोळी हिरवी पेशी, जिवंत म्हणावी अशी तेवढीच. कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे मॉस धरतं ते या मेलेल्या पेशींच्या जोरावर. रंग देण्याआधी यातलं निम्मंही दिसत नव्हतं, तेव्हा हा खटाटोप जरूर करा.

कासला दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती पाहिलेल्यांसाठी: तिचा गोल पानांचा भाऊबंद ब्रिटनच्या मूरवर, म्हणजे अशाच उघड्या दलदली माळांवर आहे, पण किंडरवर मला अजून भेटलेला नाही.

पुढचा बेत बीजाणूंच्या कुप्यांचा. उन्हाळ्यात ऊन लागलं की गोल कुपी सुकून आक्रसते, आतली हवा दाबली जाते आणि झाकण उडून बीजाणू दहा सेंटिमीटरच्याही वर फेकले जातात. इतक्या वर ते नुसत्या जोरानं जात नाहीत. हवेचं भोवऱ्यासारखं फिरणारं कडं त्यांना वाहून नेतं, हे २०१० साली वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं. माझ्या फोनच्या स्लो मोशनमध्ये कडं दिसणार नाही, पण झाकण उडताना सापडावं. कुपी सुकवायला टेबललॅम्प पुरतो की उन्हातच ठेवावी लागते, कुणी करून पाहिलं असेल तर कळवा. शिवाय पॅपिलोसम आणि त्याच्यासारखीच दिसणारी पॅलुस्ट्रे ही जात वेगळी करायला पानाचा आडवा छेद घ्यायचाय, त्यासाठी ब्लेड धरायची युक्तीही हवीच आहे.