राजगड ते तोरणा एका दिवसात: गट घेऊन जाणाऱ्यांसाठी

राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे, चोर दरवाजा, पद्मावती माची, संजीवनी माची, अळू दरवाजा, भुतोंडे रस्त्याची खिंड, तोरण्याची बुधला माची, तिथलं मेंगाई मंदिर, बिनी दरवाजा आणि पायथ्याचं वेल्हे. डिसेंबरात चौदा जणांच्या गटाने केलेल्या चालीचा हा क्रम. अंतर वीस-बावीस किलोमीटर भरतं, पण दमवते ती चढ-उतार. राजगडाचा पूर्ण चढ, मग दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगरधारेवर उतरणं, धारेवरची लहानमोठी टेपाडं, पुन्हा तोरण्याचा चढ आणि शेवटी वेल्ह्यापर्यंतचा उतार. एकट्यादुकट्याला हे जमतं म्हणून गटाला जमेलच असं नाही. गटाचा वेग सर्वांत मागच्या माणसाचा असतो आणि त्याला धरूनच सगळं वेळापत्रक आखावं लागतं.

आमच्या वेळा अशा होत्या. गुंजवणे पहाटे ४.३०, पद्मावती माची ६.४५, नाश्ता आणि पाणी भरून ७.१५ ला पुढे, अळू दरवाजा ८.१५, खिंडीतला डांबरी रस्ता १०.१५. तिथे अर्धा तास जेवण. बुधला माचीच्या चढाचा पायथा १२.४५, शेवटचा माणूस माचीवर २.१५, मेंगाई मंदिर ३.१५, अर्ध्या तासाने उतरायला सुरुवात, वेल्हे संध्याकाळी ५.४५. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हाताशी फार थोडा वेळ उरला होता. पहाटे साडेसहाला चढायला लागणाऱ्या गटाने तोरण्याचा उतार अंधारात करायची तयारी ठेवावी. बिनी दरवाजाखालचा अवघड कातळटप्पा दिवसाउजेडी संपवायचा असतो. गडांवर थांबण्याचे आणि प्रवेशाच्या वेळांचे नियम बदलत असतात. तारीख ठरवण्याआधी गावात फोन करून विचारा आणि पहाटेची वेळ त्याप्रमाणे जुळवा.

या दिवसाचा खरा निर्णय खिंडीत होतो. वेल्ह्याहून भुतोंड्याला जाणारा रस्ता तिथे धार ओलांडतो आणि वाटेत गाडी पोचू शकेल अशी ती एकच जागा आहे. आम्ही निघण्याआधीच सगळ्यांना सांगितलं होतं: शेवटचा माणूस ११.३० पर्यंत खिंडीत पोचला नाही तर तोरणा रद्द. कोणाच्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली असेल, पेटके येत असतील, उलटी झाली असेल, तर त्यालाही इथूनच गाडीत बसवायचं. सोबत एक जण द्यायचा, एकट्याला पाठवायचं नाही. यासाठी गाडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. खिंडीत उभं राहून मोबाइलला रेंज शोधण्यात अर्धा तास जातो. रस्ता ओलांडून पुढे गेल्यावर परतायचं म्हटलं तरी तेवढंच चालावं लागतं.

उलट दिशेने, तोरण्याकडून राजगडाकडे, जाणारेही बरेच आहेत. त्यात तोरण्याचा चढ सकाळच्या गारव्यात होतो, हा फायदा मान्य. पण बुधला माचीखालचा घसारा उतरताना नवख्यांना फार त्रास देतो. मुरमावर पाय सरकतो, माणूस बसून उतरू लागतो आणि गटाची रांग अडते. शिवाय शेवट वेल्ह्यात झाला तर चहा, जेवण, एसटी सगळं जवळ मिळतं. गटासाठी राजगडाकडून तोरण्याकडेच जावं, असं आमचं ठाम मत आहे.

माणसं निवडताना भिडेखातर कोणाला घेऊ नका. साधी चाचणी घ्या: आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर चार-पाच किलो वजन, सव्वा तासात वर, उतरून लगेच पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीत जो फार मागे पडतो, तो इथे खिंडीपर्यंतच येईल. ही चाचणी निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्या, म्हणजे नवे बूट चावतात का तेही कळतं. बारा-चौदा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली तर बुधला माचीच्या चढावरच्या लोखंडी शिडीपाशी होणारा खोळंबा परवडत नाही.

पुढे वाट माहीत असलेला, मागे सगळ्यांत शांत स्वभावाचा. मागच्याने कोणाच्याही पुढे जाता कामा नये, म्हणजे त्याच्या मागे कोणी नाही हे नक्की असतं. वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचं आणि मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. डोकी मोजायची ठिकाणं आधीच ठरवा: पद्मावती, अळू दरवाजा, खिंड, शिडीच्या वर, मेंगाई.

राजगडावर बालेकिल्ल्याचा मोह टाळा. तो चढ-उतार आणि वरची भटकंती धरून दीड तास खातो. बालेकिल्ल्याला बगल देऊन संजीवनी माचीकडे सरळ निघा. अळू दरवाजावर वाघाने सांबराला उताणं पाडल्याचं शिल्प आहे, तेवढं मात्र थांबून बघा. दरवाजाबाहेर उतार लगेच तीव्र होतो आणि वाळलेलं गवतही सकाळच्या दवाने निसरडं असतं. इथे काठी उपयोगी पडते.

धारेवर चुकायला होतं ते ढोरवाटांमुळे. गुरं डोंगराच्या पोटातून आडवी जातात, वाट रुळलेली दिसते आणि शंभर-दोनशे मीटरनंतर कारवीच्या झुडपांत विरते. नियम सोपा ठेवा: शंका आली की माथ्याकडे, खाली कधीच नाही. राजगड पाठीशी आणि तोरणा समोर, एवढं दिसत असलं की वाट सापडते. म्हणूनच पावसाळ्यात, दाट धुक्यात हा ट्रेक गटाला घेऊन करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा बरा काळ. नकाशा आणि जीपीएसचा ट्रॅक घरीच दोघांच्या फोनमध्ये उतरवून घ्या.

खिंडीनंतर सावली फार थोडी. बुधला माचीचा चढ भर दुपारी येतो आणि गट तिथेच मोडतो. घसाऱ्यावर माणसं एकाखाली एक उभी ठेवू नका. तिरकी रांग ठेवा, दगड सुटला तर ‘दगड!’ म्हणून ओरडायचं हे सकाळीच सांगा. वरच्या कातळटप्प्यावर लोखंडी शिडी आहे. एका वेळी एकच माणूस, आणि चढण्याआधी शिडी हलवून बघायची. माणशी दोन मिनिटं धरली तरी चौदा जणांना अर्धा तास लागतो. तोवर खालच्यांनी कड्याच्या आडोशाला बसायचं, शिडीच्या रेषेत नाही. वीस मीटर दोर आणि दोन स्लिंग (दोर अडकवायचे मजबूत पट्टे), ते वापरता येणारा माणूस असेल तरच घ्या.

पाणी: गुंजवण्यातून दोन लिटर, पद्मावती माचीवर भरून चार लिटर. टाक्यातलं पाणी गाळून क्लोरीनच्या गोळ्या टाकायच्या आणि गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं. पुढचं भरवशाचं पाणी थेट तोरण्यावर. धारेवर धनगरांची घरं लागतात. त्यांनाही पाणी लांबून आणावं लागतं, तेव्हा तिथे बाटल्या भरून मागू नका. ताक मिळालं तर विकत घ्या, सुट्टे पैसे जवळ ठेवा. ओआरएसची पाकिटं माणशी तीन. लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यायलं तर मळमळतं. पेटके यायची वाट न बघता पहिलं पाकीट अळू दरवाजापाशीच सुरू करा. खाणं दर तासाला थोडं: गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. जेवणाला धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या. खिंडीत भरपेट भात-भाजी खाऊन पुढचा चढ चढवत नाही.

दोन्ही गडांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. प्रत्येकाकडे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बॅटरी हवीच, परतायला उशीर होणार नाही असं वाटत असलं तरी. अडचणीसाठी १०८ आणि ११२ सोबत महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक आधी सेव्ह करा, गावातल्या एका माणसालाही आपल्या वेळा सांगून ठेवा.

तोरण्याच्या उताराला दोन तास द्या. कातळटप्प्यांवर रेलिंग आहेत, पण थकलेले पाय आणि गुळगुळीत दगड यांमुळे घोटे इथेच मुरगळतात. बुटाच्या नाड्या मेंगाईपाशी पुन्हा आवळायला लावा. गाडीचा विचार सुरुवातीलाच करा: स्वतःच्या गाड्या गुंजवण्यात ठेवल्या तर संध्याकाळी वेल्ह्याहून मार्गासनी, साखरमार्गे परत जाण्यासाठी जीप ठरवावी लागते. भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरने गुंजवण्यात सोडून दुपारी बारापर्यंत वेल्ह्यात थांबावं, म्हणजे खिंडीतून कोणाला उचलायचं झालं तर तो जवळ असतो. एसटीने जाणार असाल तर स्वारगेटकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या आणि त्या वेळेच्या दीड तास आधी वेल्ह्यात पोचण्याचा हिशेब धरा.