तुम्ही विचारलंत म्हणून: पियाझा सोडून जॉन्सन का?

विश्रामबागेत आमच्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी दुपारी कार्डांच्या बेसबॉलचे फासे पडतात, हे आता गल्लीला माहीत आहे. जिना चढून येणारा प्रत्येकजण एकच विचारतो: माईक पियाझा समोर असताना कॅचर म्हणून, म्हणजे बेसबॉलचा कीपर म्हणून, चार्ल्स जॉन्सन का उचललास? मास्तर विचारतात, भाचा विचारतो. बायकोनं तर दोघांची कार्डं चष्मा लावून वाचली आणि मग विचारलं. आता एकदाच लिहून टाकतो.

खेळ स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या माणसानं 1961 साली बाजारात आणलेला, कार्डांचा आणि फाशांचा बेसबॉल. आमची पेटी 1997 च्या मोसमाची, आतेभावानं अमेरिकेहून आणलेली. त्या वर्षी पियाझाची सरासरी .362, म्हणजे बॅटिंगच्या हजार संधींत 362 हिट, आणि होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, 40. जॉन्सनची सरासरी .250, होमरन 19. पण जॉन्सननं त्या मोसमात कॅचर म्हणून 123 मॅचमध्ये एकही चूक केली नाही. एकही नाही. त्याच वर्षी त्याची टीम फ्लोरिडा मार्लिन्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली, आणि पियाझाचे डॉजर्स प्लेऑफलाही पोचले नाहीत.

हे मी प्रत्येकाला ऐकवतो, आणि ते पुरेसं नाही हेही मला कळतं. मार्लिन्सकडे जॉन्सनशिवाय बरंच काही होतं.

हिशेब माझ्या विरुद्ध जातो, तो मीच मांडतो, म्हणजे मास्तरांना कष्ट नकोत. पांढरा फासा एक ते तीन पडला तर बॅटरचं कार्ड बघायचं, चार ते सहा पडला तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. पिचरच्या कार्डावरच्या 108 शक्यतांपैकी कॅचरच्या क्षेत्ररक्षणाची परीक्षा फक्त 3 वेळा. शॉर्टस्टॉप नावाच्या क्षेत्ररक्षकाच्या वाट्याला 7 येतात. म्हणजे माझ्या निर्दोष जॉन्सनला आपला निर्दोषपणा दाखवायची संधी दोन मॅचमध्ये मिळून जेमतेम एकदा. पियाझा मात्र एका मॅचमध्ये चार वेळा बॅट घेऊन येतो, त्यातले सरासरी दोनदा त्याचं स्वतःचं कार्ड लागतं.

हल्ली कॅचरचं मोठं मोल वेगळ्याच गोष्टीत धरतात: काठावरचा चेंडू पकडताना हातमोजा अलगद आत आणून पंचाकडून स्ट्राइक, म्हणजे बॅटरविरुद्धचा कौल, मिळवण्यात. चेंडूचा माग ठेवणारे कॅमेरे आल्यावर हे मोजता आलं. आमच्या कार्डांवर त्यातलं काही नाही. असलंच तर ते पिचरच्या कार्डात आधीच मुरलेलं आहे, कारण त्या वर्षी पिचरला पडलेल्या धावांत त्याच्या कॅचरचा हात होताच. जॉन्सन माझ्याकडे आला म्हणून माझे पिचर सुधारत नाहीत.

मग उरतो फक्त हात, म्हणजे कॅचरची फेक. बेस चोरणाऱ्याचा, म्हणजे फटका न लागताच पुढच्या बेसकडे (धावेच्या वाटेवरच्या टप्प्याकडे) पळणाऱ्याचा, सेफ होण्याचा आकडा पिचर आणि कॅचर मिळून खाली-वर करतात, मग वीस तोंडांचा फासा टाकायचा. कॅचरच्या हातातला एक अंक म्हणजे वीसात एक, पाच टक्के. चोरी साधली तर मिळतं थोडं आणि पकडलं तर जातं साधारण दुप्पट, म्हणून तीनांत दोनदापेक्षा जास्त वेळा सुटणार असेल तरच पळावं. पाच-पाच टक्क्यांनी हे गणित लवकर फिरतं. माझी सगळी बाजू एवढीच.

गेल्या दिवाळीतल्या फायनलबद्दल तुम्ही विचारत नाही, पण तुमच्या डोळ्यांत तेच असतं. तर ऐका.

समोर हळदवाला. मार्केट यार्डात त्याची आडत आहे, बोटं कायम पिवळी, म्हणून कार्डाला हात लावण्याआधी त्यानं हात धुवायचे असा आमचा नियम. मी जॉन्सन घेतल्यावर पियाझा त्यानंच उचलला होता. चौथ्या इनिंगमध्ये पहिल्या बेसवर एक माणूस असताना पियाझानं होमरन मारला. दोन धावा. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला मी 3-2 नं मागे. एक आऊट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माझी माणसं, आणि पाळी जॉन्सनची. बाकावर एक बरा डावखुरा बॅटर बसलेला. मास्तर हळूच म्हणाले, "बदला." मी बदललं नाही. बरोबरी झाली तर दहाव्या इनिंगला कॅचर कोण, हा माझा विचार होता. निदान मी तसं सांगितलं.

पांढरा फासा दोन. त्याचंच कार्ड. शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर, म्हणजे सरपटता फटका, आणि डबल प्ले: एका फटक्यात दोघं आऊट, मॅच संपली. भाच्यानं कार्ड उचलून पुन्हा वाचलं, जणू वाचण्यात चूक झाली असेल. खोलीत फक्त भडंग चावल्याचा आवाज, तोही एकाचाच, आणि मग तोही थांबला.

हळदवाला कार्डं आवरताना बोलला, "लका, वोमॅकला दोनदा पळवायचं मनात होतं. फासा हातात घेतला होता. तुझा जॉन्सन बघून ठेवला खाली." टोनी वोमॅक म्हणजे त्या वर्षी 60 बेस चोरून नॅशनल लीगमध्ये, म्हणजे तिथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एकीत, पहिला आलेला माणूस. तो दोनदा पहिल्या बेसवर नुसता उभा राहिला. स्कोअरशीटवर त्याची नोंद नाही. न पळालेल्या माणसासाठी रकानाच नाही.

मी तेव्हा जवळजवळ ओरडलोच, हेच, हेच मी सांगत होतो! मास्तरांनी कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला पेन्सिल टेकवली. एका साधलेल्या चोरीची किंमत सुमारे 0.2 धावा. "दोन्ही वेळा सुटला असता तरी अर्धी धाव नाही," म्हणाले, "आणि पियाझानं तुम्हाला दोन दिल्या." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

खरं कारण तुम्हाला वाटतं तेच आहे का? असेल. मी कॉलेजच्या टीमचा कीपर होतो. उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे, ऑफस्पिनला स्टंपाशी उभा राहून मोडलेली. शिवाजी स्टेडियमवरच्या एका मॅचआधी मला सांगितलं, कीपिंग तुझं चांगलं, पण सहाव्या नंबरला बॅट्समन हवा, तो ग्लोव्हजही घालेल. त्यानं पहिल्याच तासात दोन झेल सोडले आणि मग पन्नास केल्या. लोकांना पन्नास आठवतात. मी आठवण करून दिली तरी झेल कुणाला आठवत नाहीत.

पण हाच मी 2003 च्या वर्ल्ड कपला टीव्हीपुढे बसून म्हणत होतो की द्रविडला ग्लोव्हज दिले हे उत्तम झालं, एक बॅट्समन जास्त मिळतो. पार्थिव पटेल अख्खी स्पर्धा बाकावर होता, त्याची मला क्षणभरही कीव आली नाही. तेव्हाचा मी बरोबर की आताचा, मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, तेव्हा आपली करंगळी पणाला लागली नव्हती म्हणून एवढं स्वच्छ दिसत होतं.

एक गोष्ट मात्र भाच्यानं शोधून काढली. मे 1998 मध्ये डॉजर्सनी पियाझा मार्लिन्सना दिला आणि बदल्यात आलेल्या खेळाडूंत जॉन्सन होता. म्हणजे हा सौदा खरोखर झाला होता. मला वाटलं, सापडला पुरावा. पण जेमतेम आठवड्यात मार्लिन्सनी पियाझालाही न्यूयॉर्क मेट्सकडे धाडलं. त्यांचा प्रश्न कॅचरचा नव्हताच, पगाराचा होता. पुरावा गेला.

येत्या रविवारी नव्यानं वाटणी आहे, आणि पहिली चिठ्ठी माझी निघालीय. दोन्ही कार्डं टेबलावर काढून ठेवलीत. जॉन्सनच्या कोपऱ्यावर पिवळा डाग आहे, म्हणजे कुणीतरी हात न धुता ते बघितलंय. हळदवाल्यानं काल फोन करून सांगितलं, तू जॉन्सन सोडलास तर मी घेणार. का, ते मी त्याला विचारलेलं नाही.